पापुद्र्याची चुगली

"अहो, पाणी लावू नका…"

पण पाणी लागलं होतं.

लाँड्रीच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या तरुणाने तिच्या अ‍ॅप्रनचा खिसा केव्हाच पाण्याच्या भांड्यात बुडवला होता, आणि आता तो त्या खिशाकडे असा बघत होता की जणू खिशाने त्याला नावाने हाक मारलीये. खिशावरचा डाग आत्तापर्यंत धड दिसतही नव्हता. काचेवर मध सांडावा तसा, चिकट आणि आरपार. पाणी लागलं आणि तो पांढरा व्हायला लागला. आधी कडेकडेने, मग मध्ये, मग सगळाच. दुधावर साय धरते ना, तसा. आणि साय धरून झाल्यावर त्याची एक कड चक्क उचलली जाऊन पाण्यात हलायला लागली.

"हे काय झालं?" तो म्हणाला.

"मेम्ब्रेन झाली." तिने कपाळाला हात लावला. "तुम्ही बनवलीत. अभिनंदन."

तिला सगळे बारकी म्हणायचे. घरात तीन भावंडांत धाकटी म्हणून, आणि लॅबमध्ये कामच तसं बारीक म्हणून. ती पॉलिमरचे पातळ पडदे, म्हणजे मेम्ब्रेन, बनवायची आणि त्यांच्यात इतकी सूक्ष्म छिद्रं ठेवायची की पाण्याने आरपार निघून जावं आणि घाणीने दारात ताटकळत बसावं. त्या दिवशी काचेवर पॉलिमरचं द्रावण पसरवताना बाटली कलंडली आणि खिसा भरला. घरी धुतला असता तर आईने तिच्याच नावाने आंघोळ केली असती, म्हणून संस्थेच्या मागच्या गल्लीतली ही लाँड्री.

तिने त्याला थोडक्यात सांगितलं. पॉलिमर एका द्रावकात विरघळवायचं. पातळ थर काढायचा. तो पाण्यात सोडला की द्रावक पाण्याकडे पळून जातं आणि पॉलिमर मागे राहतं, अंगभर छिद्रं घेऊन. आणि हो, हिचं द्रावक हाताला निरुपद्रवी होतं, हातमोजे नकोत, नदीनाल्याला त्रास नको. त्याचा तिला फार अभिमान होता, म्हणून ते तिने दोनदा सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे एक पळून जातो आणि मागे राहणाऱ्याला भोकं पडतात."

बारकीने आजवर या विषयावर पुष्कळ वाचलं होतं. असं कुणीही लिहिलेलं नव्हतं.

त्याने नखाने तो पांढरा तुकडा अलगद सोडवला, उजेडात धरला. खिडकीतली दुपार त्या तुकड्यातून मऊ होऊन त्याच्या चेहऱ्यावर पडली. चेहरा बरा होता. बरा म्हणजे… जाऊ दे, चांगलाच होता.

"यातून पाणी जातं?"

"जातं."

"आणि साबणाचा मळ?"

"अडतो. पडदा कसा बनवलाय त्यावर आहे. पण हा बघू नका, हा असातसाच झालाय. शिवाय वाळला की गेलाच. यांना कायम ओलं ठेवावं लागतं, एकदा वाळले की छिद्रं मिटतात ती मिटतातच. टाकून द्या."

त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे पाणीखात्याचं सूचनापत्र डकवलेलं होतं. धरणात पाणी उरलं नव्हतं. उन्हाळा संपेपर्यंत लाँड्र्यांना रोजच्या पाण्याचा फक्त चौथा हिस्सा मिळणार होता. तेवढ्यात ज्यांचं भागतंय, त्यांनी तपासणीला तसं दाखवून चालू राहावं. बाकीच्यांनी बंद करावं.

"आमचं भागत नाही," काउंटरच्या टोकाकडून आवाज आला. उंच स्टुलावर त्याची आत्या बसली होती आणि शर्टांच्या कॉलरना आतून खुणेचा लाल दोरा टाकत होती. "म्हणून हा असा तुझ्या पापुद्र्याकडे टक लावून बघतोय. नाहीतर एरवी मुलींकडे मान वर करून बघत नाही."

"आत्या."

"बरं, राहिलं."

अ‍ॅप्रन परत घ्यायला गेली तेव्हा डागाचा मागमूस नव्हता. कापड इतकं मऊ झालं होतं, आणि त्याला असा काही वास येत होता की बारकीने काउंटरसमोरच त्यात नाक खुपसलं. लिंबाच्या फुलांचा वास. गोड नाही, आंबट नाही, मधलाच. डोळे मिटून ती म्हणाली, "झाडाखाली उभं राहिल्यासारखं वाटतंय."

डोळे उघडले तर तो बघत होता. लगेच त्याने हातातल्या पावतीची घडी घातली. मग घडीची घडी. मग तिची घडी. शेवटी ती पावती तांदळाच्या दाण्याएवढी झाली आणि पुढे काय करायचं हे त्याला सुचेना.

तिने त्याच क्षणी मनात त्याचं बारसं केलं… घडीसम्राट.

बारकीच्या गाईड मॅडम कधीपासून म्हणत होत्या की बाई गं, लॅबमध्ये मुद्दाम मळवलेलं पाणी पुरे झालं, आता खरी घाण आण. बारकीने लाँड्रीचं सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. मग एक टाकी, एक पंप, चार नळ्या आणि दोन जाड पट्ट्यांमध्ये सँडविचसारखे दाबून बसवलेले पडदे असा सगळा संसार हातगाडीवरून लाँड्रीच्या मागच्या खोलीत आला. मोठ्या मशीनचं खळबळवलेलं पाणी टाकीत यायचं, पडद्यांवरून फिरायचं, आणि पलीकडच्या नळीतून स्वच्छ होऊन पुन्हा मशीनला जायचं. मळ अलीकडे. पाणी पलीकडे.

बारकीने नियम सांगितले. ब्लीच नाही, ते पडदा खातं. आणि तो सुगंधी सॉफ्टनर तर मुळीच नाही.

"का? त्याने काय केलंय?"

"पडद्याच्या अंगावर ऋण भार असतो. सॉफ्टनरच्या अंगावर धन. दोघांची गाठ पडली की सॉफ्टनर जाऊन पडद्याला असा बिलगतो की सुटता सुटत नाही. मग पाण्याची वाट बंद."

"उलट्या स्वभावाची माणसं," घडीसम्राट समजूतदारपणे म्हणाला.

"माणसं नाहीत हो. विद्युतभार."

"तेच ते."

सॉफ्टनरच्या बाटल्या कपाटात गेल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली. एका डॉक्टरीणबाईंनी तर टॉवेल खरखरीत लागतो म्हणून तो काउंटरवर ठेवून स्वतःचा गाल दाखवला. आत्याने त्यांना सांगितलं की पाणीच नसेल तर तोंड पुसणार कशाचं, आणि बाई निमूट टॉवेल घेऊन गेल्या. आत्याला हे पाणी वाचवायचं प्रकरण भलतंच भावलं होतं. कप विसळलेलं पाणीही ती टाकीत आणून ओतायची आणि थेंबे थेंबे तळे साचे असं म्हणत ऐटीत परत जायची. बारकीने तिला हात जोडून सांगितलं, आत्या, चहाचं नको. आत्या म्हणाली, बरं, चहाचं नाही.

रोज संध्याकाळी लॅब सुटली की बारकी तिथे. पलीकडच्या नळीखाली मोजपात्र धरायचं आणि ते भरायला किती वेळ लागतो ते बघायचं, एवढंच तिचं काम. पण आत्याची पद्धत वेगळी होती. ती रेडिओ लावायची. एक गाणं सुरू होऊन संपेपर्यंत बादली भरली, तर पापुद्र्याची तब्येत ठणठणीत. आणि भरायची. अगदी शेवटच्या ओळीला काठोकाठ. बारकी आणि घडीसम्राट बादलीच्या दोन बाजूंना उकिडवे बसून पाण्याकडे बघायचे. पाण्यात दोघांची तोंडं दिसायची. बादली भरत आली की तोंडं जवळ जवळ यायची, हा काही कुणाचा दोष नाही.

एकदा तिने सहज विचारलं की चादरीची घडी एकट्याला कशी जमते. त्याने एक मोठी पांढरी चादर काढली, दोन टोकं तिच्या हातात दिली आणि स्वतः दोन टोकं धरून भिंतीपर्यंत मागे गेला.

"ओढा. घट्ट. आता माझ्याकडे या."

ती गेली. टोकाला टोक लागलं, बोटाला बोट लागलं. त्याने तिच्या हातातली टोकं घेतली.

"आता खालची कड उचला. पुन्हा मागे."

ती मागे गेली. पुन्हा पुढे आली. प्रत्येक घडीला चादर अर्धी व्हायची आणि मधली जागाही. शेवटी दोघांच्या मध्ये उशीएवढी चादर उरली, आणि तिच्यावर चार हात. इस्त्रीची वाफ निघून गेली होती. मशीन थांबलं होतं. रेडिओवर कुणीतरी भाजीचे भाव सांगत होतं.

"एवढंच," तो म्हणाला.

"एवढंच?" ती म्हणाली.

आत्याने दोरा दाताने तोडला. तो आवाज केवढा मोठा वाटला.

त्या संध्याकाळी निघताना बारकीला साबणांच्या फळीवर एक झाकणाची काचेची बरणी दिसली. आत पाणी होतं आणि पाण्यात काहीतरी पांढरंसं. आत्याची कवळी असणार, असं समजून तिने सभ्यपणे नजर वळवली.

आणि मग, सगळं असं छान चाललेलं असताना, पापुद्रा आजारी पडला.

गाणं संपलं आणि बादली पाऊणच भरली. बारकीने पडद्यांना नेहमीचं क्षाराचं पाणी दिलं, त्याने मळ निघतो. तब्येत थोडी सुधारली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बिघडली. पुन्हा क्षार, पुन्हा थोडा उतार, आणि पुढच्या आठवड्यात आणखी खाली. आता बादलीला दोन गाणी लागत होती आणि मधल्या जाहिरातीही. विचित्र म्हणजे बाकीचे दिवस पडदा शहाण्यासारखा वागायचा. आठवड्यातून एकदाच त्याला झटका यायचा, मंगळवारी. मंगळवारात असं काय आहे, हे बारकीला उलगडेना. साबण तोच, कपडे तेच. मशीनही तेच.

संशय अर्थातच कपांवर गेला. आत्याने लाल दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं.

"म्हणजे माझ्या चहाने तुझा पापुद्रा मेला?"

"तसं नाही, आत्या…"

"तीस वर्षं मी तो चहा पितेय. मी मेले का?"

आत्याने कप विसळणं बंद केलं आणि रागाने चहाही बंद केला. पुढच्या मंगळवारी बादली अर्धीच भरली. त्यामुळे चहा निर्दोष सुटला आणि आत्या दोन दिवस विजयी मुद्रेने फिरली. पण पाण्याचा हिशोब काही जुळेना. उरलेल्या पाण्यात मोठं मशीन दिवसाआड चालवावं लागायला लागलं. कपड्यांची गाठोडी दारापर्यंत आली.

मॅडमनी आकडे बघितले आणि चष्मा काढून ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या शांतपणे म्हणाल्या की तपासणीपर्यंत पडदा उभा राहिला नाही तर सगळं सामान परत आण. पाणीखात्यासमोर अर्धवट काम दाखवलं तर पुढे कुणी पडद्याचं नाव काढू देणार नाही.

बारकीने हे त्याला सांगितलं. तो शर्टाच्या बाह्या मागे दुमडत होता. थांबला नाही.

"मला दुसऱ्या शहरातून विचारणा आलीये," तो म्हणाला. "मोठं हॉटेल आहे, त्यांची स्वतःची लाँड्री. दुकान बंद झालं तर तिकडे जाईन. आत्या माझ्या थोरल्या भावाकडे राहील."

"चांगली नोकरी आहे?"

"चांगली आहे. तिथे चादरीच्या घड्या मशीन घालतं."

त्याने शर्ट गठ्ठ्यावर ठेवला आणि तळहाताने एकदा दाबला. बारकीला काहीतरी म्हणायचं होतं. पण काय, तेच कळत नव्हतं. इतकी वर्षं ती फक्त एवढंच शिकली होती की काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं. आणि आता…

घरी आली ती तोंड पाडूनच. वहिनीने तिचा अ‍ॅप्रन खुंटीला अडकवताना नेहमीसारखा हुंगला.

"एक सांग. आपल्या घरातल्या चादरीपण त्याच लाँड्रीत जातात ना?"

"हो."

"मग त्यांना हा वास का नाही येत? त्या येतात पापडासारख्या कडक होऊन. आणि तुझा अ‍ॅप्रन म्हणजे बागेत फिरून आल्यासारखा."

"वहिनी, मला झोप येतेय."

"झोप हो बाई. मी आपलं विचारलं."

तपासणीच्या आदल्या दिवशी बारकीने लॅबमधून सुट्टी घेतली. सकाळीच लाँड्रीच्या मागच्या खोलीत जाऊन तिने पंप बंद केला, पट्ट्यांचे बोल्ट सोडवले आणि सगळ्यात वरचा पडदा चिमट्याने उचलला. मळ नव्हता. तंतू नव्हते. वरून बघितलं तर पडदा ठणठणीत, आणि तरी पाणी जात नव्हतं. तिने तो उजेडात धरला. मग तिरपा केला. मग, काहीच सुचेना म्हणून, नाकाजवळ नेला.

ती हलली नाही.

खूप वेळाने तिने दुसरा हात वर केला आणि आपल्या अ‍ॅप्रनची बाही नाकाशी नेली.

पडदा. बाही. पुन्हा पडदा.

लिंबाची फुलं.

तिचा अ‍ॅप्रन दर सोमवारी संध्याकाळी लाँड्रीत यायचा आणि मंगळवारी सकाळी धुतला जायचा.

ती पडदा तसाच चिमट्यात धरून बाहेर आली. तो काउंटरवर उभा होता, आत्या स्टुलावर.

"याचा वास घ्या."

त्याने घेतला. आणि त्याचा चेहरा… त्या दिवशीच्या डागासारखा, आधी कडेकडेने, मग मध्ये, मग सगळाच पांढरा झाला.

"सॉफ्टनरच्या बाटल्या कपाटात आहेत ना?" बारकीने विचारलं.

"आहेत. एक सोडून."

"ती कुठेय?"

"मागच्या जुन्या छोट्या मशीनखाली."

"कुणाच्या कपड्यांना वापरली?"

आत्याची सुई थांबली.

"तुम्हाला माहितीये," तो म्हणाला. मग घाईघाईने, "पण मी नियम मोडला नाही. छोट्या मशीनचं पाणी टाकीत येतच नाही. ते मागच्या झाडाला जातं, म्हणून तर मुद्दाम त्यात एकटाच धुवायचो. शप्पथ."

आत्याने घसा साफ केला.

"झाडाला जायचं," ती म्हणाली. "मी प्लंबरला सांगून ती नळी टाकीत सोडून घेतली. एवढं चांगलं पाणी, नुसतं झाडाला."

"कधी?"

"तू कपडे पोचवायला गेला होतास तेव्हा. म्हटलं, तुम्हाला आश्चर्याचा धक्का देऊ."

धक्का तर बसलाच होता.

बारकीला रागवायचं होतं. तिच्याकडे वाक्यं तयार होती, चांगली लांब, एकातून एक निघणारी. इतके आठवडे ती क्षार घालत होती, आकडे लिहीत होती, रात्री उताणी पडून छताकडे बघत होती, आणि हा माणूस तिच्या अ‍ॅप्रनला… एकट्याला… वेगळ्या मशीनमध्ये… एकदा फक्त ती म्हणाली होती, झाडाखाली उभं राहिल्यासारखं वाटतंय. एकदाच.

वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक.

तो मटकन कपड्यांच्या गाठोड्यावर बसला. "म्हणजे दुकान मीच बुडवलं."

"उठा," बारकी म्हणाली. "गाठोडी नंतर. आंबट पाणी लागेल."

"काय?"

"सायट्रिक आम्ल, लिंबातलं असतं ते. आंबट पाण्यात पडद्याचा भार ढिला पडतो, मग बिलगलेलं सुटतं. मी इतके दिवस क्षार देत होते, त्याने हे सुटणारच नव्हतं. मी लॅबमधून घेऊन येते, तुम्ही ती नळी पुन्हा झाडाकडे वळवा."

"मी त्या अ‍ॅप्रनचं…"

"त्याचं नंतर, घडीसम्राट."

दाराबाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं की हे नाव तिने मोठ्याने उच्चारलं.

दुपारभर आंबट पाणी पडद्यांवरून फिरत राहिलं. लिंबाच्या फुलांचा वास मागच्या खोलीत भरला, मग हळूहळू विरत गेला. तिघंही बादलीभोवती बसली होती. आत्याने रेडिओ लावला. गाणं सुरू झालं. नळीतून आधी थेंब, मग धागा, मग चांगली बोटभर धार. गाणं संपलं तेव्हा बादलीला चार बोटं कमी होती. पुन्हा आंबट पाणी. पुढच्या खेपेला दोन बोटं. संध्याकाळी, एका फारच रडक्या गाण्याच्या शेवटच्या ओळीला, पाणी काठावर आलं, थरथरलं आणि सांडलं. आत्याने ते सांडलेलं पाणीही फडक्याने टिपून टाकीत पिळलं. कुणी तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणीखात्याचे साहेब आले. मीटर बघितलं, टाकी बघितली, मोठं मशीन चालू करायला लावून पलीकडच्या नळीखाली स्वतः पेला धरला. मॅडमही आल्या होत्या, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. साहेबांनी पेला खिडकीकडे धरला आणि विचारलं की हे पिता येईल का.

"नको," घडीसम्राट म्हणाला. "टॉवेल पितील."

साहेब हसले. पेला काउंटरवर ठेवला, भिंतीवरचं सूचनापत्र स्वतःच्या हाताने काढलं आणि सांगितलं की तुमचं चालू ठेवा, बाकीच्या लाँड्रीवाल्यांना इथे बघायला पाठवतो. मॅडम बारकीच्या पाठीवर थाप मारून त्यांच्या मागोमाग गेल्या, पुढच्या लाँड्रीचं आत्ताच बोलून घ्यायला.

दुकानात तिघंच उरली. दुपारचं ऊन काउंटरवर आलं होतं. घडीसम्राटाने तो स्वच्छ पाण्याचा पेला उचलला, साबणांच्या फळीकडे गेला, बरणीचं झाकण उघडलं, आतलं पाणी बादलीत ओतलं आणि पेल्यातलं नवं पाणी बरणीत घातलं. सवयीने. कुणी बघतंय हे विसरून.

"आत्यांच्या कवळीला?" बारकीने हळूच विचारलं.

"कवळी?" आत्या स्टुलावरून उतरलीच. "माझे सगळे दात माझे आहेत. कुणाचा चावा घेऊन दाखवू? अगं, तो तुझा पापुद्रा आहे. मासा पाळावा तसा पाळलाय याने. रोज पाणी बदलतो."

बारकीने बरणी हातात घेतली. आत तो पांढरा तुकडा तरंगत होता. वेडावाकडा, एका बाजूला खिशाच्या शिवणीची खूण उमटलेला. पण मऊ, ताजा. एकही छिद्र मिटलेलं नसणार.

"मी टाकून द्या म्हटलं होतं."

"ओलं ठेवावं लागतं, असंही म्हणाला होतात."

"या दिवसांत? रोज पाणी?"

"माझ्या पिण्यातलं," तो म्हणाला. "घोटभरच लागतं."

आत्याला एकाएकी मागच्या झाडाची फार काळजी वाटली. ती गेली.

त्याने काउंटरवरून एक रुमाल घेतला आणि घडी घालायला लागला. बारकीने त्याच्या हातातून रुमाल काढून घेतला.

"सॉफ्टनर बंद," ती म्हणाली.

"बंद."

"अगदी झाडाकडच्या मशीनमध्येसुद्धा नाही."

"नाही."

"मग?"

"मग…" तो आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होता. "मग बोलावं लागेल. ते मला येत नाही."

"मी थांबते."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. छोटी घंटी दोनदा वाजली.

"सकाळी मी शटर वर करतो," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, दुकान उघडलं. पण मला वाटत नाही तसं. दिवसभर कपडे येतात जातात, तरी वाटत नाही. संध्याकाळी तुम्ही दारात येता आणि चप्पल बाजूला काढता ना… तेव्हा वाटतं. आता उघडलं."

बारकीने बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग थोडं सैल केलं. मग ती फळीवर ठेवली, पुढेच, सगळ्यांना दिसेल अशी.

"उद्यापासून याचं पाणी मी बदलणार," ती म्हणाली. "आणि तू तुझ्या वाटचं पाणी पी. पुरतं."

मागच्या दारातून आत्याचा आवाज आला. "'तू' म्हणाली का रे ती तुला?"

"हो, आत्या."

"मग त्या झाडाला आता आंघोळ पुरे झाली. मी येते आत."

पुढच्या मंगळवारी अ‍ॅप्रन घरी आला. वहिनीने तो खुंटीला लावताना हुंगला. मग पुन्हा हुंगला. मग काळजीने बारकीकडे बघितलं.

"काय गं, आज वास नाही? भांडलात का?"

"नाही, वहिनी," बारकी म्हणाली. "आता तो बोलतो."